फणसवाडी ते लालबाग, मधे एक टॅक्सी

शाळेत असताना मी कॉन्व्हेंटच्या फाटकापर्यंत घंटी वाजवत सायकलने जायचे. लग्न झालं आणि सायकल सुटली. कोणी मनाई केली नव्हती, तरी सुटली. आता साठी उलटल्यावर लेकीने तिच्या सोसायटीत पडून असलेली लेडीज सायकल आणून दिली. पुढे टोपली, मागे कॅरियर, रुंद सीट. रोज सकाळी तिच्यावरून चौपाटीला जाते, भाजी आणते आणि वाडीच्या तोंडाशी उतरून हातात धरून चालत येते. घंटी कधीच वाजवत नाही, न जाणो कोणी खिडकीतून बघेल.

एका रविवारी ठरवलं, लालबागला माईंकडे सायकलनेच जायचं. माई माझ्या थोरल्या नणंद, सासरचं उरलेलं एकच माणूस. लग्नाच्या दिवशी त्यांनी मला 'कॉन्व्हेंटची भावली' म्हटलं होतं, तेव्हापासून मी त्यांच्यासमोर पदर सावरूनच बसते. भाऊ जाऊन फार काळ लोटला नाही आणि ही सायकल उडवत फिरते, असं त्यांना वाटलं तर? म्हणून आणखी एक ठरवलं. टॅक्सीने आले म्हणून सांगायचं.

निघणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. फणसवाडीतून ठाकूरद्वार, प्रार्थना समाज, लॅमिंग्टन रोडने मुंबई सेंट्रल, मग सात रस्ता आणि चिंचपोकळीचा पूल. रविवारी दुकानं उघडायच्या आत निघालात तर रस्ता आपलाच. साडीत अडचण येत नाही, फक्त चेनला पूर्ण कव्हर हवं. सीट उन्हाने तापते, म्हणून मी तिच्यावर एक कापडी पिशवी बांधते. ह्यांच्या जुन्या निळ्या चौकड्यांच्या शर्टाची ही पिशवी माईंनीच शिवली आहे.

मुंबई सेंट्रलजवळ एका इराण्याकडे चहा आणि ब्रुन मस्का घेतला. सात रस्त्याला मागून हेल्मेटवाल्या सायकलस्वारांचा घोळका आला. चकचकीत घट्ट कपडे, मान खाली. "आंटी, लेफ्ट लेफ्ट!" मी एवढी डावीकडे झाले की गटाराच्या जाळीवर गेले. सिग्नलला त्यातल्या एका मुलीने किती किलोमीटर झाले म्हणून विचारलं. मी नणंदेकडे चाललेय, एवढंच माझ्या तोंडून आलं. ती छान हसली, पण माझे कान तापले. चिंचपोकळीचा पूल मी सायकल ढकलत चढले. बिनधास्त ढकला, चढ आहेच. मी मात्र इकडेतिकडे बघत ढकलली.

लालबागच्या गल्लीत मिरच्या कांडल्याचा ठसका येत होता. माईंच्या चाळीच्या अलीकडे पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्या काकांना लक्ष ठेवायला सांगून सायकल तिथेच लावली, तोंड पुसलं आणि वर गेले.

माईंनी घावणे केले होते, सोबत नारळाचा रस. टॅक्सी लगेच मिळाली का, हे त्यांनी विचारलं. हो म्हटलं. वर गाडीत फार उकडत होतं, हेही स्वतःहून जोडलं. माई नुसत्या माझ्या भिजलेल्या ब्लाउजकडे बघत राहिल्या.

निघताना मात्र पंचाईत झाली. आमच्याकडे पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत, टॅक्सीत बसवून देतात. हे मी विसरले कशी?

"मी येतंय गो खाली," माई चपला घालत म्हणाल्या. "गिरणीतून पीठपण आणूचा आसा."

पीठ मी आणून देते म्हटलं, तर नको, साडीला लागात. नाक्याच्या दुसऱ्या अंगाला त्यांनी स्वतः टॅक्सी थांबवली, माझा पदर दारात अडकणार नाही असा आत सारला आणि ड्रायव्हरला गिरगाव सांगितलं. मी बसले. पहिल्या सिग्नललाच म्हटलं, भैया, यहीं रोक दो.

"बस, इतनाही?" त्याने आरशातून विचारलं.

भाडं देऊन मी गल्लीत परत आले. माई सायकलीपाशी उभ्या होत्या. पिठाचा डबा कॅरियरवर ठेवला होता आणि त्यांचा हात सीटवरच्या पिशवीवर होता.

"टॅक्सी बंद पडली काय गो?"

जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं होतं.

"माझ्या भावाचो शर्ट मी ओळखूचंय नाय काय?" त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या पिशवीच्या सुरकुत्या नीट करत राहिल्या. "चल, डबो वर पोचव. माझे गुडघे दुखतत."

मी सायकल धरून चालले, त्या डब्यावर हात ठेवून बाजूने. गॅलरीतल्या प्रत्येक ओळखीच्या बाईला सांगत होत्या, ही माझी भावजय, गिरगावातून सायकलीवर आली. मी मान वर केली नाही. डबा वर पोचवून मी खाली आले, तर त्या चाळीच्या दारात थांबल्या होत्या.

"पुढच्या वेळी खालून घंटी वाजव. मी गॅलरीत येतंय."

परतीचा रस्ता तोच. ऊन वाढलं होतं. पाण्याची बाटली मी विसरले, तुम्ही विसरू नका. घोळके आता घरी गेले होते. मी सावकाश चालवत आले आणि सारखं आठवत राहिलं की वर गाडीत उकडत होतं म्हणाले होते मी. सायकलीची लाज केव्हाच गळून पडली होती. भावाचा शर्ट उसवून माझ्यासाठी पिशवी शिवणाऱ्या बाईला मी इतकी वर्षं इतकं छोटं समजत होते, ही लाज अजून गेलेली नाही. जाऊही नये.

वाडीच्या तोंडाशी सवयीने उतरले. कॅरियरवर थोडं पीठ सांडलेलं होतं. ते झटकलं नाही. परत सीटवर बसले. दारापर्यंतचं अंतर म्हणजे काहीच नाही, पण घंटी वाजवायला पुरलं.