कॉलरीतला हिरवा धागा

सकाळपासून धुकं असं बसलं होतं, की दोरीवरच्या चादरी वाळायच्या सोडून आणखी ओल्या होत होत्या. लाँड्रीवाल्या मावशींनी इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकला. चर्र झालं, आणि दारात बँकेचे साहेब कुलूप अन् सील ठोकायची लाख घेऊन उभे.

घरमालकानं घर गहाण टाकून कर्ज काढलं होतं. हप्ते थकले तसा तो बायकोसकट पसार झाला. मागे उरल्या भाड्याच्या खोलीतल्या मावशी आणि अख्ख्या गल्लीचे कपडे.

"दुपारपर्यंत खोली रिकामी करा."

"अगंबाई! कर्ज खाल्लं त्यानं, अन् ढेकर मी द्यायचा?"

"कर्ज देण्याआधी मी स्वतः पाहणी केलीय. घर रिकामं होतं. तुम्ही नव्हताच इथं!"

साहेबांनी हे अशा थाटात सांगितलं, की मावशींनी क्षणभर स्वतःलाच चिमटा काढून पाहिला.

बाकावर वकीलबाई काळ्या कोटासाठी खोळंबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कर्जाच्या आधीचा भाडेकरू असेल तर असं कुलूप नाही ठोकता येत, साहेब. कोर्टात जावं लागतं."

"आधीच्या कशावरून? पावती आहे?"

पावती कुठली! मालकानं जन्मात कधी पावती फाडली नव्हती.

मावशी साहेबांच्या मागे गेल्या आणि शाळकरी पोराची धरावी तशी त्यांची कॉलर धरून उलटी केली. आत हिरवा धागा! कपड्यांची अदलाबदल नको म्हणून मावशी खुणेचा टाका घालत, आणि दर वर्षी रंग बदलत.

"हिरवा तुमच्या पाहणीच्या वर्षीचा. पाहणीला आलात त्याच दिवशी खिशात पेन फुटलं होतं तुमचं. शर्ट वाळेपर्यंत याच बाकावर बनियनवर बसला होतात की हो!"

वकीलबाई चटकन बाकाच्या कडेला सरकल्या. "मग रिकाम्या घरात शर्ट धुतला कुणी? भुतानं?"

साहेबांनी खिसा झाकला. शाईची निळी सावली अजून तिथंच होती. लाख मुकाट्यानं पिशवीत गेली.

"तूर्त राहा. पण भाडं यापुढे बँकेत भरायचं."

"म्हणजे मालक आता तुम्ही? बरं झालं. तो नळ कधीचा गळतोय, माणूस पाठवा."

"वरिष्ठांशी बोलतो," म्हणत साहेब धुक्यात शिरले.

"अन् शर्ट टाकून जा उद्या, कॉलर मळलीय!" मावशी मागून ओरडल्या. मग त्यांनी वकीलबाईंचा कोट टेबलावर पसरला. बोलण्याच्या नादात इस्त्री निवली होती. ती तापत ठेवून त्या चादरी उलटवायला बाहेर गेल्या.