फायबरच्या होडीला दिलेला शेक

मी काही लिहावं एवढा मोठा नाही, आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कागदावर दोन ओळी उतरवल्या तरी कोणी मार्क कापेल अशी भीती वाटते. पण काकांच्या होडीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काका रेवसजवळ मासेमारी करतात. पावसाळ्याआधी लाकडी होडी वर ओढायची आणि खाली सुक्या झावळ्या पेटवून तळाला शेक द्यायचा, म्हणजे लाकूड पोखरणारे किडे मरतात, ही आमच्याकडची जुनी रीत. काकांची नवी होडी फायबरची. तिला किडा लागत नाही. तरी काकांनी यंदा तिलाही प्रेमाने शेक दिला.

हे कळलं तेव्हा मी कॉलेजात जवळपास हाच उद्योग करत होतो. काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन यांच्या पट्ट्या भट्टीत तापवायच्या, मग झुलत्या हातोड्याने मोडायच्या. थोड्या तापलेल्या पट्ट्या नव्यांइतक्याच चिवट राहिल्या. तपकिरी होईपर्यंत तापलेल्या मात्र बिचाऱ्या पटकन मोडल्या. रेझिनने धाग्यांना सोडलं होतं.

मी चाचरत फोन केला, नारळी पौर्णिमेला होडी काढू नका म्हटलं.

"तुझ्या भट्टीत भाकऱ्या तरी भाजतात का रं?" काका म्हणाले.

शेक किती वेळ दिला विचारलं, तर उत्तर मिळालं, दोन विड्या होईपर्यंत. माझ्या वहीत विड्यांचा रकाना नव्हता.

शेवटी सरांना विचारून मी काकांना नाण्याने तळ ठोकायला सांगितलं; आतले थर सुटले असतील तिथे आवाज बसका येतो. फोन होडीजवळ धरून ते ठोकत गेले. टण, टण, टण. मग मागच्या बाजूला ढब.

"पुन्हा ठोका," मी म्हणालो.

ढब.

"ओली असंल," म्हणून त्यांनी फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

पौर्णिमा आली, गेली. मला जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी काकूचा फोन आला. होडी पाण्यात उतरलीच नव्हती. काकांनी कारागिराकडून तेवढा तुकडा कापून घेतला होता, आणि त्याचे थर करंजीच्या पापुद्र्यांसारखे बोटाने सुटले होते.

"तुकडा तुझ्या हातोड्यासाठी ठेवलाय," काकू म्हणाली. "आणि तुझा काका सकाळपासून नाणं घेऊन गावातल्या सगळ्यांच्या होड्या ठोकत फिरतोय. जेवायला पन येत न्हाय."