जगदेवची कंबर आणि सुनेची लाथ

रिठदमध्ये जगदेवची कंबर म्हणजे मोठं प्रस्थ होतं. सोयाबीनचं भरलेलं पोतं तो एकटा पाठीवर घ्यायचा, बैलबंडीत टाकायचा आणि आजूबाजूला कोणी पाहिलं की नाही याची खात्री करून घ्यायचा. मग एका हंगामात मळणीयंत्रापाशी पोतं उचलताना कमरेत चमक भरली आणि गडी तिथंच अर्धा वाकलेला राहिला. लोकांनी त्याला तसाच दुमडलेला उचलून ऑटोत घातला.

वाशिमच्या एका डॉक्टरनं फोटो काढला. मणके दाखवून म्हणाला, "घासलेत. आता जपा. वाकू नका, उचलू नका." वर कमरेला पट्टा दिला. जगदेवनं जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं, बापाचं नाही, बायकोचं तर नाहीच. पण या एका वाक्याची त्यानं पोथी केली. अंगणात लिंबाखाली बाज पडली आणि बाजेवर जगदेव पडला. पायात चप्पल घालायला बायको गोजराबाई, खाली पडलेला गमछा उचलून द्यायला गोजराबाई. पेरलं तिनंच, निंदलंही तिनंच, आणि ढोरांपुढं कडबा टाकायलाही दुसरं कोणी नव्हतं. आल्यागेल्याला जगदेव तो मणक्यांचा फोटो उन्हाकडं धरून दाखवायचा. लेकीच्या लग्नाचे फोटो त्यानं कधी एवढ्या हौसेनं दाखवले नव्हते.

हसा खुशाल, पण त्याची भीती खोटी नव्हती. त्याचा बाप शेवटी अंथरुणात लोळागोळा होऊन पडला होता, आणि त्याला कुशीवर वळवायचं काम जगदेवनंच केलं होतं. जरा कळ आली की त्याला वाटायचं, झालं, आता आपली पाळी. म्हणून तो हलायचा नाही. हलायचा नाही म्हणून अंग आखडायचं, आखडलं की जास्त दुखायचं, आणि दुखलं की म्हणायचा, "पाह्य, मी म्हणलं नोतं? अजून आराम पाह्यजे." गावात शिबिर झालं तेव्हा एक तरुण फिजिओथेरपिस्ट त्याला म्हणाली होती, "काका, तुमच्या वयात बहुतेकांचे मणके असेच दिसतात. दुखतं म्हणजे मोडतंच असं नाही. थोडं थोडं चाला, जमेल तेवढं उचला." जगदेव तिच्यावर उखडला. "कालची पोरगी. तिनं कधी पोतं उचललं काय?" त्यानंही कितीतरी महिन्यांत साधा तांब्या उचलला नव्हता, ते सोडा.

अशात मुलाचं, हरीओमचं लग्न झालं आणि मानोऱ्याकडची निकिता सून होऊन घरात आली. ती निघाली पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. पायाळू माणसाची लाथ लागली की कमरेतली चमक पळते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. बातमी फुटली आणि दारात वाकड्या माणसांची रांग लागली. निकिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोरामोठ्यांना लाथ मारायची तरी कशी? आणि नाही म्हणावं तर नव्या सुनेला लई गुर्मी. मग तिनं शक्कल काढली. म्हणाली, गाडीवर आलेल्याला गुण येत नाही. पायी यायचं, आणि येताना खालच्या विहिरीवरून भरलेली घागर खांद्यावर आणायची. तिला वाटलं, कंबर धरलेला माणूस एवढा उपद्व्याप कशाला करतो, टळतील सगळे.

टळतात कसले. लोक कण्हत-कुथत विहिरीवर जायचे, घागर घेऊन चढ चढायचे आणि दारात ती उतरवता उतरवता म्हणायचे, "पोरी, मोकळं वाटून राह्यलं." शेजारची ललिताबाई तर लाथ न खाताच बरी झाली आणि वर रुसली, की एवढं चालून लाथ ती मिळालीच नाही. निकिताच्या पायाचं नाव पार जऊळक्यापर्यंत गेलं. बाजेवरून हे बघणाऱ्या जगदेवच्या जिवाची तगमग व्हायला लागली. साऱ्या गावाची कंबर सुटली, आणि दवा ज्याच्या घरात तोच पट्टा बांधून पडलेला.

एके दिवशी त्यानं विषय काढलाच. गोजराबाईनं कपाळावर हात मारला. "सुनेची लाथ खाता काय आता? लोक तोंडात शेण घालतीन."

पण आपला रिवाज माणसाला अडवतो तसा पळवाटही देतो. ठरलं असं, की जगदेवनं भिंतीकडं तोंड करायचं, मध्ये गोधडी धरायची, आणि झाल्यावर सुनेला साडीचोळी करायची.

"मामाजी, पण घागर तुमालेबी आणा लागन," निकिता खाली मान घालून म्हणाली. सासरा तरी टळेल अशी तिला आशा होती.

"घरच्याले कायचा नियम?"

"घरचे म्हणून सोडलं तं गुण येत नाही."

पेरणी तोंडावर आली होती, आणि यंदाचं सालही बाजेवर गेलं तर पुढं कधी उठणं नाही, हे जगदेवला कळत होतं. कोणी बघू नये म्हणून तो उजाडता उजाडता निघाला. उतार तो आडवी पावलं टाकत उतरला. घागर खांद्यावर घेताना कमरेतून कळ गेली तसा तो डोळे मिटून उभा राहिला. आता मोडतं, आता मोडतं. काही मोडलं नाही. पाऊल टाकलं, दुखलं. पुढचं टाकलं, तेही दुखलं. चढ निम्मा झाला तेव्हा दुखत होतंच, पण त्या दुखण्याला भ्यावं असं काही वाटेना. दारात आला तेव्हा तो घामानं चिंब होता आणि खुळ्यासारखा हसत होता.

घागर उतरवून तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. गोजराबाईनं गोधडी धरली.

"मार बाई, मार लाथ."

निकिताला रडूच फुटलं. "मामाजी, माह्या पायात काही नाही. तो नियम मीच काढला होता, लोकायनं येऊ नये म्हणून."

 जगदेव भिंतीकडं तोंड ठेवूनच हळू म्हणाला, "तरी मार. नाही तं गावाले काय सांगू? इतके दिवस उगाच पडून होतो म्हणून?"

गोजराबाईनं गोधडी खाली ठेवली.

"माही कंबर तुमच्या आधीपासून दुखते," ती म्हणाली.

जगदेव वळला. "मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय करू? बाजेवर एकाचीच जागा होती."