चाळीस मिनिटांचं काम

त्याला सगळे टेस्टर म्हणत. लोकांच्या खिशात पेन असतं, तसा त्याच्या खिशात टेस्टर असे. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी चहा येईपर्यंत त्याची नजर भिंतीवरच्या बोर्डांवरून फिरून यायची. बसा हो जरा, असं कुणी म्हटलं की तो म्हणे, बसतो, पण तुमचा तो प्लग ढिला आहे. बायको म्हणायची, "लग्नाआधी पहिल्यांदा भेटलात तेव्हाही माझ्याकडे कमी आणि पंख्याच्या रेग्युलेटरकडे जास्त बघत होतात."

बायको मिळाली तीही कामातूनच. टेस्टर आणि तिचा धाकटा भाऊ एकाच वर्कशॉपमध्ये हाताखाली शिकले. पुढे भाऊ वीज कंपनीत लाइनमन म्हणून लागला आणि टेस्टरने घरांच्या वायरिंगचं लायसन्स काढलं. एकाचं राज्य मीटरपर्यंत आणि दुसऱ्याचं मीटरपासून पुढे, अशी त्यांची थट्टा चाले. चारचौघांत मेहुणा त्याला "दाजी, तुम्ही" म्हणायचा आणि दोघंच असले की सरळ "अरे दाजी" वर यायचा. तीस वर्षं असंच चाललं होतं.

अलीकडे टेस्टरच्या हाताला नवं काम लागलं होतं. लोकांनी विजेवरच्या गाड्या घेतल्या होत्या आणि वीज तर रोज जात होती. दारात एवढी मोठी बॅटरी चाकांवर उभी असताना घरात अंधार का, असा प्रश्न लोकांना पडायला लागला. मग भिंतीवर बसवायचं एक मशीन आलं. एरवी ते गाडी चार्ज करतं आणि लाइन गेली की गाडीतलीच वीज उलट घरात आणतं. टेस्टरने ते बनवणाऱ्या कंपनीचं प्रशिक्षण घेतलं आणि दोन वर्षांत अशी तेवीस घरं केली.

या कामात एक डबा फार महत्त्वाचा. त्याला चेंजओव्हर म्हणतात. घर एकतर लाइनवर असेल नाहीतर गाडीवर, दोन्हीवर एकदम कधीच नाही, हे तो डबा बघतो. तो नसेल तर गाडीची वीज घरातून मीटरमार्गे उलटी बाहेर पडते आणि रस्त्यावरच्या मेलेल्या तारेत जीव येतो. खांबावरच्या माणसाला वाटत असतं, आपण लाइन बंद करून चढलोय. टेस्टर हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. सांगताना म्हणायचा, "माझा मेहुणा खांबावर असतो हो."

चोविसावं घर टेकडीवरच्या गल्लीतल्या बाईंचं. बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या फुफ्फुसांनी हात टेकले होते आणि डॉक्टर त्यांना ऑक्सिजनच्या मशीनवर घरी पाठवणार होते. मशीन विजेवर चालणारं, जोडीला एक छोटा सिलेंडर. टेस्टरने सोमवारी सगळं बसवलं, आणि शेवटी चेंजओव्हरचा डबा उघडला तर आतली पट्टीच अडकलेली. नवा डबा यायला चार-पाच दिवस लागणार होते.

तो म्हणाला, बाई, हे भिंतीवरचं मशीन आता आठवडाभराने चालू करू. बाईंनी आवाज चढवला नाही. उद्या यांना घरी आणतेय, एवढंच म्हणाल्या. सिलेंडर दोन तास पुरतो आणि परवा वीज पाच तास गेली होती, हेही त्यांनी सांगितलं. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि हातातल्या रुमालाची घडी घालत, मोडत राहिल्या.

टेस्टरच्याने ते बघवेना. त्याने डब्याला वळसा घालून वायर सरळ जोडली आणि बाईंना मेन स्विचपाशी नेलं. लाइन गेली की आधी हा मेन खाली ओढायचा आणि मगच गाडीची वीज चालू करायची. वीज आली की आधी गाडी बंद आणि मग मेन वर. बाईंनी त्याच्यासमोर तीनदा करून दाखवलं. आयुष्यभर पोरांना शिस्त लावलेली बाई, चुकणार नाही, असं त्याने मनाशी धरलं. कागदावर लिहून मेनवर चिकटवायला हवं होतं. खिशात पेन नव्हतं, टेस्टर होता. नंतर लिहू म्हणाला आणि ते राहिलं.

नवा डबा शुक्रवारीच आला. टेस्टरने तो व्हॅनच्या फळीवर ठेवला. त्या दिवशी एका दवाखान्याचं काम अर्ध्यात होतं. शनिवारी तेच लांबलं, आणि शनिवारी संध्याकाळी वादळ आलं.

रविवारी सकाळी अर्ध्या गावात वीज नव्हती आणि फोनला रेंज नव्हती. आठच्या सुमारास मेहुणा दारात उभा राहिला. रात्र खांबांवर काढलेली, डोळे लाल, बूट चिखलाने जड झालेले. त्याच्या ताईने पुढे केलेला चहा त्याने उभ्यानेच प्यायला. टेस्टर म्हणाला, जरा पाठ टेक. तो म्हणाला, आता एकच तार उरलीय, टेकडीवरच्या गल्लीतली, ती जोडतो आणि मग मेल्यासारखा झोपतो. ताई म्हणाली, असलं काही बोलू नकोस. तो हसला आणि गेला.

टेस्टरने ते ऐकलं, पण कानावर पडणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं. त्याने अंघोळ केली, न्याहारी केली आणि दवाखान्याच्या कामाला लागणारी टेप काढायला व्हॅनचा दरवाजा उघडला. फळीवर चाचपडताना हात त्या डब्यावर पडला.

टेकडीवरची गल्ली. बाई. मेन.

त्याने मेहुण्याला फोन लावला, लागला नाही. बाईंना लावला, तोही नाही. बायकोने दारातून काहीतरी विचारलं, पण उत्तर द्यायला तो थांबला नाही. व्हॅन चालवताना तो स्वतःशीच मोठ्याने बोलत होता. बाई शिस्तीच्या आहेत, बाई मेन पाडणारच. आणि हा काय कालचा पोरगा आहे? दोन्ही टोकांना चेन टाकून लाइन जमिनीला जोडल्याशिवाय हा तारेला हात लावणार नाही. दोघांतला एक जण चुकला तरी दुसरा सावरेल. दोघं एकाच वेळी कशाला चुकतील?

टेकडीच्या पायथ्याशी झाड आडवं पडलं होतं. त्याने व्हॅन तिथेच टाकली आणि फांद्यांखालून सरपटत पलीकडे जाऊन धावायला लागला. वय बावन्न. चढावर छाती फुटायची वेळ आली. वरच्या वळणावर त्याला खांब दिसला. खांबावर पिवळं हेल्मेट होतं. खाली कंपनीची दोन माणसं दुसऱ्या झाडावर यंत्राची करवत चालवत होती आणि तिच्या घरघरीपुढे कुणाच्या ओरडण्याला काही किंमत नव्हती. तरी तो ओरडला. कुणी मान वळवली नाही.

खांब दोनशे पावलांवर आणि बाईंचं घर पन्नासवर होतं. तो घराकडे वळला.

दाराला आतून कडी होती. त्याने घंटी दाबली आणि घंटी वाजली. सगळ्या गल्लीत वीज नसताना ती वाजली, याचा अर्थ गाडी चालू होती. तो दारावर दोन्ही मुठी आपटायला लागला. दार उघडलं ते एका अनोळखी बाईने. सकाळी सातला कामावर आलेली नर्स होती ती. टेस्टर तिला बाजूला सारून आत घुसला.

मेन वर होता.

त्याने तो खाली ओढला. मागून नर्स घाबरून सांगत होती की बाई रात्रभर जाग्या होत्या, आत्ताच पडल्यात. तो खटका खाली पडलेला दिसला, मला वाटलं वादळात पडला असेल, म्हणून मी वर केला. घर चालू होतं, काही फरकही पडला नाही. आतल्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन शांतपणे फुसफुसत होतं.

तो बाहेर आला तेव्हा करवत थांबली होती. मेहुणा कमरेच्या पट्ट्यावर मागे कलून लोंबत होता, आणि खालची माणसं त्याच्या नावाने हाका मारत होती.

त्याला खाली उतरवून त्यांनी छातीवर दाब दिला. टेस्टरने कधीकाळी प्रशिक्षणात बाहुल्यावर केलं होतं, ते आता या माणसावर केलं. किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही. मग मेहुण्याने एकदा घशातून खरखरीत श्वास ओढला. झाडापलीकडे उभ्या असलेल्या व्हॅनपर्यंत त्याला तिघांनी उचलून नेलं.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला आहे, पण उजव्या हाताची दोन बोटं जातील. तारेला हात चिकटून राहिला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर काही हाती लागलं नसतं.

आणि मग टेस्टरच्या वाट्याला जे आलं, ते त्याला सगळ्यात जड गेलं. सगळे त्याचे आभार मानायला लागले. करवतवाल्या दोघांनी सांगितलं, हा देवासारखा धावत आला, कुठल्या तरी घरचा जनरेटर चालू होता तो याने बंद केला. मेहुण्याची बायको त्याच्या पाया पडायला वाकली. त्याने पाय असे मागे घेतले, जणू विस्तवावर पडले होते. त्याच्या स्वतःच्या बायकोने सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडली. तो भिंतीकडे बघत ताठ उभा राहिला.

चार वाजता तो एकटाच बाईंकडे गेला. म्हाताऱ्याचं मशीन बंद ठेवता येत नव्हतं आणि उघडी जोडणी तशीच सोडता येत नव्हती. म्हाताऱ्याला तेवढ्यापुरतं सिलेंडरवर घेऊन त्याने नवा डबा बसवला. स्क्रू दोनदा हातातून खाली पडला. बाई टॉर्च धरून उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. नर्सला सांगायला हवं होतं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. तो म्हणाला, बाई, तुमचं काही चुकलं नाही. काम संपल्यावर त्याने घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं लागली होती. शुक्रवारी दवाखान्यात जेवणाची सुट्टी तासाभराची होती.

मंगळवारी वीज कंपनीचा साहेब हॉस्पिटलमध्ये येऊन गेला. जमिनीची चेन लावली नव्हती, हातमोजे काढले होते, म्हणजे चूक कर्मचाऱ्याची, असा अहवाल जाणार होता. चेन दुसऱ्या गाडीत राहिली होती आणि मोजे रात्रभर भिजून फाटले होते, हे कुणी विचारलंच नाही.

त्या दुपारी मेहुण्याची बायको औषधं आणायला खाली गेली, तेव्हा टेस्टर मेहुण्याच्या खाटेपाशी बसला. त्याने सगळं सांगितलं. सरळ जोडलेली वायर, न लिहिलेली चिठ्ठी, फळीवर दोन दिवस पडून राहिलेला डबा. सांगताना तो चादरीच्या काठाकडे बघत होता.

मेहुण्याने पाणी मागितलं. टेस्टरने पेला त्याच्या ओठांना लावला. दोन घोट घेऊन त्याने मान वळवली.

"ताईला सांगितलंस?"

"नाही. आधी तुला."

"तिला सांग. आणि साहेबाला लिहून दे."

"देतो. तुझ्यावर काही येऊ देणार नाही."

"तसं नको. चेन मी लावली नव्हती, दाजी. आणायला जायचा कंटाळा केला. तुझं तू लिही, माझं मी सांगेन." मग म्हणाला, "आता जा. मला तुझं तोंड बघवत नाहीये."

बायकोला त्याने घरी, स्वयंपाकघरात सांगितलं. ती ओट्याला पाठ लावून ऐकत राहिली. शेवटी एकच म्हणाली, "आणि मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवलं."

त्याने स्वतःच्या हाताने जबाब लिहून दिला. लायसन्स वर्षभरासाठी गेलं. मेहुण्याची नोकरी राहिली, पण खांब सुटला. त्याला कार्यालयात बसवलं. तिथे तो डाव्या हाताने लिहायला शिकतो आहे आणि म्हणतो की अक्षर लहान मुलासारखं येतं. टेस्टरशी तो बोलतो, पण आता दोघंच असले तरी "तुम्ही" म्हणतो.

टेस्टर आता दुसऱ्या कंत्राटदाराच्या हाताखाली तारा ओढतो. सुट्टीच्या दिवशी मात्र तो आपण केलेल्या जुन्या घरांची दारं वाजवतो. डबा उघडून दाखवा म्हणतो, हात लावत नाही, फक्त बघतो. काही जण चहा देतात. एका घरमालकाने तर दारातूनच परत पाठवलं. तो म्हणाला, दोन वर्षं नीट चाललंय, उगाच अपशकुन कशाला? टेस्टर पुढच्या रविवारी पुन्हा त्याच दारात उभा राहिला, आणि शेवटी त्या माणसाने कंटाळून डबा उघडला. आत सगळं ठीक होतं. घरी येऊन तो तरीही झोपू शकला नाही.

घरात कित्येक महिने कामापुरतंच बोलणं होतं. पीठ संपलंय, गॅस आलाय, एवढंच. एका रविवारी सकाळी तो चपला घालत असताना बायको बाहेर आली.

"अजून किती घरं राहिलीत?" तिने विचारलं.

"नऊ."

ती आत गेली. त्याला वाटलं, संपलं बोलणं. पण ती परत आली आणि त्याच्याकडे न बघता जेवणाचा डबा त्याच्या पिशवीत ठेवला. ती अजून काही म्हणेल म्हणून तो थोडा वेळ दारात थांबला. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, तेव्हा तो जिना उतरला.