दवावर अनवाणी

वसमतच्या मंगल कार्यालयात मधुमेहमुक्ती शिबिर झालं, तेव्हा आभार मी मानले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांत माझाही नंबर आहे.

व्याख्याते मोठ्या शहरातून आले होते. फेटा, शाल, श्रीफळ झालं. साखरेच्या आजारावर बोलायला आलेल्या माणसाचं तोंड पेढ्याने गोड केलं गेलं आणि त्यांनी ते करू दिलं. मग दोन तास बोलले. निम्मं बरोबर होतं: भात-साबुदाणा कमी करा, वजन उतरवा, रोज चाला. उरलेलं निम्मं त्या खऱ्याच्या खांद्यावर बसून आत आलं. पहाटे दव पडलेल्या हिरवळीवर अनवाणी चाला, तळव्यांतून साखर उतरते, म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आभार मानणारा माणूस हात मांडीवर ठेवून कसा बसेल?

थोरल्या बहिणीला जवळा बाजारकडच्या तिच्या खेड्यातून मीच जीपने आणलं होतं. शरीर जड, साखर जुनी. तिने सगळं मनावर घेतलं.

भाऊबीजेला गेलो. ती ओवाळायला समोर उभी राहिली, आणि पाटावरून माझी नजर सरळ तिच्या पायावर गेली. अंगठा हळदीने लिंपलेला, कडेने काळा पडलेला. आमच्या भागात हळद मुबलक. जखमेला ती पहिली आणि बहुतेकदा शेवटची.

"आक्का, हे काहून झालं?"

"हिरवळ कुठं हाय आपल्याकडं? सोयाबीन काढून रान मोकळं होतं, तिथंच चालून राहिले."

कापलेल्या सोयाबीनची धसकटं चपलेतूनही पायात शिरतात, हे इथल्या लहान लेकराला ठाऊक असतं. टोचलं नाही का, विचारलं.

"टोचलं असतं तर थांबले नसते का?"

तळव्यांची जाणीव साखरेने कधीच गेली होती. हिंगोलीच्या डॉक्टरांनी पाय हातात घेताच सांगितलं, असल्या पायांनी अनवाणी अंगणातही उतरू नये. दोन तासांच्या भाषणात एवढ्या वाक्याला जागा नव्हती. महिनाभर पट्ट्या केल्या. अंगठा काढावाच लागला.

आता ती बूट घालून सडकेने चालते, मोजून भाकरी खाते, गोळ्या घेते. वजन उतरलंय, साखरही. याचं व्याख्यान होत नाही. यात फेटा बांधण्याजोगं काही नाही.

गेल्या आठवड्यात निरोप आला: तेच व्याख्याते पुन्हा येत आहेत, आभार तुमच्याकडेच. मी नाही म्हणायचं ठरवूनच बहिणीला सांगितलं. ती बुटाच्या पुढच्या रिकाम्या जागेत कापूस भरत होती.

"न्हाई कशाला म्हणतोस? मला घेऊन चल. मी बोलणार न्हाई काही. पयल्या रांगेत बसून बूट काढते फक्त."

मी आभाराचं काम स्वीकारलं.