पाण्याचाही वास घेणारे तांडेल भावजी

आमचे तांडेल भावजी पाणीसुद्धा वास घेतल्याशिवाय पीत नसत. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आचऱ्याला होडीवर तांडेल, म्हणजे होडीतल्या सगळ्यांचे म्होरके, म्हणून गावाने तेच नाव ठेवलेलं. मी पाणी पुढे केलं की भांडं आधी नाकाशी जायचं. पाहुणे हसले की म्हणायचे, "नाकाक इचारल्याशिवाय तोंडाक काय देऊचा नाय, असो करार आसा."

कोल्हापूरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून दारू सोडून घाट उतरले, तेव्हापासूनचा हा करार. सुटली म्हणायची, पण निश्चिंत कोण होतं? होडी लागायला उशीर झाला की त्यांची बायको, माझी जाऊबाई सुमन दारात, तिच्यामागे मी. एक घोट गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून, हे आम्ही एकदा भोगलेलं. तेव्हा निमित्त झालं राखणदाराचं. आमच्याकडे गाव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, नैवेद्य म्हणून दारू दाखवतात आणि उरलेली प्रसाद म्हणून देतात. "परसादाक नाय कसा म्हणतलंय, वयनी?" म्हणाले होते, आणि पुढचं वर्ष कसं काढलं ते आम्हालाच ठाऊक.

टीव्हीवर दारुडा झोकांड्या खाऊ लागला आणि घरातली मुलं खिदळली, की भावजी हळूच म्हणत, "हसतास कित्याक रे? तेका घराकच जावचा आसा. वाट गावना नाय, इतक्याच." आणि उठून पडवीत जाऊन बसत.

म्हणून दारू सोडलेल्या माणसावर सिनेमा काढायला एक मुलगी गावात आली आणि तिने भावजींनाच मुख्य कामाला मागितलं, तेव्हा मी तिला आधी विचारलं, यात खरी दारू असणार का. सुमन तर दोन घास कमीच जेवायला लागली. भावजी मात्र तयार. ती हसवण्यासाठी नाही काढत, एवढंच त्यांचं म्हणणं.

शेवटचा प्रसंग राखणदाराच्या दगडापाशी. गाऱ्हाणं घालायला, म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे मागणं मांडायला, आमचे शेजारी बाबलकाका. त्यांनी प्याला द्यायचा, भावजींनी तो हातात धरून घुटमळायचं, बस. प्याल्यात कोरा चहा, असं त्या मुलीने आम्हाला दाखवूनही ठेवलेलं. पण राखणदाराचं नाव घेऊन त्याला चहा दाखवायचा हे काही बाबलकाकांच्या मनाला पटेना. कुणाला न सांगता त्यांनी आत खरीच ओतली.

भावजींनी प्याला नाकाशी नेला आणि थांबले. ते थांबणं सिनेमातलं नव्हतं, हे मला आणि सुमनला तिथल्या तिथे कळलं. तिने माझा हात असा धरला की बांगडी रुतली. भावजींनी प्याल्यात बोट बुडवलं, कपाळाला लावलं आणि प्याला दगडावर उपडा केला.

"तुझा तुका पोचला, म्हाराजा. माझो जीव माका ऱ्हवांदे."

बाबलकाकांचा जन्म गाऱ्हाण्यात गेलेला. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक मागण्याला सगळे देतात तो होकार त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेला, "व्हय म्हाराजा." हे कागदावर कुठेच नव्हतं. त्या मुलीने सिनेमात ते तसंच ठेवलं.

घरी येताना भावजी वाटेत थांबले. म्हणाले, "वयनी, चाय नाय हुती ती."

भावजी आता नाहीत. गेले ते छातीत दुखून, दारूने नव्हे. गावातले काही जण आता राखणदारापाशी कपाळाला बोट लावतात आणि प्याला उपडा करतात. तो सिनेमा आम्ही दोघी जावा अधूनमधून लावून बसतो. शेवट पाठ आहे. तरी प्याला नाकाशी गेला की मी सुमनचा हात धरते, आणि तो उपडा होईपर्यंत सोडत नाही.