सत्काराचं ताट
नव्या शालीचा वास आला की वस्तीत पोलिसांसोबत झालेली ती बैठक आठवते. सगळा वेळ सत्कारांतच गेला. शेवटचा सत्कार ठाण्याच्या साहेबांचा होता, मग ते निघणार होते. कॉलेजला जाते म्हणून शाल-नारळाचं ताट माझ्याकडे दिलेलं. कसाबसा धीर करून मी म्हणाले, “साहेब, बसथांब्यापासून वस्तीपर्यंत दिवे नाहीत. शिफ्टवरून येणाऱ्या बायकांच्या मागे पोरं लागतात.” वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष काका पुटपुटले, “अगं, आधी नारळ तर दे!” सगळे हसले. मी ताट घट्ट धरून ठेवलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आई उठली. “खरं हाय, साहेब. माझ्याबी मागं लागली व्हती.” हसणं थांबलं. घरी ती हे कधीच बोलली नव्हती. अजूनही ती सेकंड शिफ्टला गेली की माझं पुस्तक उघडं असतं आणि कान दाराकडे.